चव्वेचाळीस जणांचा खोकला

नगरपंचायतीच्या नोकरीत मला एकच गोष्ट चांगली जमते, ती म्हणजे लिहिणं. गोष्टी-कविता नव्हे. टिप्पणी, अहवाल, स्मरणपत्र आणि स्मरणपत्राचं स्मरणपत्र. 'उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की' एवढं लिहून झालं की माझं पेन असं सुटतं की पुढे नेमकं काय सादर करायचंय याची त्याला फारशी गरज राहत नाही. आमच्या मुख्याधिकारी साहेबांना हे ठाऊक होतं. ते वयानं माझ्या भाच्याएवढे, तिकडून पश्चिम महाराष्ट्रातून आलेले, पहिलीच नेमणूक. वरून पत्र आलं की ते माझ्या टेबलाकडे बघायचे, आणि ते कधी बघतात याची मी वाटच बघत असायचो. होतो कर विभागातला लिपिक, पण आपल्यावाचून कचेरी चालत नाही असं मला मनापासून वाटत असे. हे मी एकदा बायकोला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मंग रविवारी कसं चालते तिथी?"

आमचं गाव सिंदेवाही-सावलीकडच्या धानपट्ट्यातलं. आधी ग्रामपंचायत होती, मग नगरपंचायत झाली. फरक एवढाच पडला की फलक बदलला आणि गावातल्या म्हशी एका दिवसात शहरात राहायला आल्या. असं हे आमचं शहर, आणि त्यात लॉकडाऊन लागलं.

त्या पहिल्या काही आठवड्यांत आम्ही जे जे केलं ते आठवलं की आजही कान गरम होतात. बुधवारचा आठवडी बाजार बैलबाजाराच्या मैदानावर हलवायचा होता. दुकानदारांसाठी चुन्याची वर्तुळं आखायचं काम मी अंगावर घेतलं, कारण पत्रातलं अंतर कचेरीत फक्त मलाच नीट समजलं आहे असा माझा दावा होता. भल्या सकाळी उठून, दोरी धरून, अगदी मापात वर्तुळं काढली. सगळं झाल्यावर लक्षात आलं की एवढ्या मोठ्या मैदानात एकोणीसच दुकानं बसतात, आणि बाजाराला येतात ऐंशी. उरलेले एकसष्ट जण माझ्याभोवती जमले, तेही अंतर न ठेवता. मी त्यांना पत्र वाचून दाखवत होतो तेवढ्यात चराईला निघालेला शेळ्यांचा कळप मैदानातून गेला आणि वर्तुळांचा प्रश्न आपोआप मिटला.

मग घंटागाडी. कचऱ्याच्या गाडीवर भोंगा होताच, त्यावरून लोकांना सूचना द्यायच्या ठरल्या. मजकूर माझा, आवाजही माझा. 'नागरिकांनी अत्यावश्यक कारणाव्यतिरिक्त आपल्या निवासस्थानाबाहेर पडण्याचे कटाक्षाने टाळावे.' मी ते तीनदा रेकॉर्ड केलं, कारण 'कटाक्षाने'वर मनासारखा जोर येत नव्हता. पहिल्या दिवशी ऐकायला मी गाडीच्या मागे मागे गेलो. एक म्हातारी कचऱ्याची बादली घेऊन आली, भोंग्याकडे बघत उभी राहिली आणि आमच्या सफाई मुकादमांना तिनं विचारलं, "काय म्हनून राह्यला थो?"

"घरी बस म्हनते, बाई," मुकादम म्हणाले.

"मंग तसं म्हनाव ना," म्हातारी म्हणाली आणि बादली उलटी करून घरात गेली.

हे मुकादम माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. ग्रामपंचायतीच्या काळात झाडू घेऊन लागले आणि चढत चढत मुकादम झाले. मी त्यांना भाऊ म्हणतो, तेही मला भाऊच म्हणतात. त्या काळात कचेरीत खरोखर कामाचं कोण होतं असं कोणी विचारलं, तर मी आज त्यांचं नाव सांगेन. तेव्हा विचारलं असतं तर अर्थातच माझं सांगितलं असतं.

एप्रिलात मिरचीतोडीचे मजूर परतू लागले. आमच्याकडे धान निघाला की गावंच्या गावं राजुऱ्यावरून पलीकडे तेलंगणात मिरची तोडायला जातात. जानेवारीत गेलेली माणसं उन्हाळ्याच्या तोंडाशी येतात. मजुरीपैकी बरंचसं मिरचीच्याच रूपात मिळतं, म्हणून प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक पोतं असतं. तीच वर्षभराची बेगमी. त्या वर्षी सगळं बंद पडलं आणि माणसं मिळेल त्या वाहनानं, मिळेल तितकी पायी निघाली. अशाच एका ट्रकमधून चव्वेचाळीस जण आमच्या वेशीवर उतरले. त्यांना चौदा दिवस प्राथमिक शाळेत ठेवायचं ठरलं. 'केंद्रावर एखाद्या जबाबदार व अनुभवी कर्मचाऱ्याची नियुक्ती करण्यात यावी' असा प्रस्ताव मीच लिहिला होता. साहेबांनी त्याखाली माझंच नाव टाकून सही केली. चांगलं लिहिण्याचे तोटेही असतात.

शाळेच्या तीन खोल्या. एकीत बायका, दोनांत पुरुष. पोषण आहाराच्या चुलीवर स्वयंपाक ते स्वतःच करत. पोती व्हरांड्यात थप्पी लावून. माझं टेबल फाटकाबाहेर कडुनिंबाखाली, फाटकाला आडवी दोरी, तोंडाला मास्क, त्यावर रुमाल, आणि समोर एक जाड रजिस्टर. रोज अकराच्या आत तालुक्याला प्रपत्र पाठवायचं. ताप, सर्दी, खोकला, श्वासाचा त्रास असे रकाने. मी फाटकातून ओरडून विचारायचो, आतून सगळे 'नाई जी' म्हणायचे, आणि मी सगळ्या रकान्यांत 'निरंक' लिहायचो. बारा दिवस निरंक. माझ्यासारख्या लिहित्या हाताला एकच शब्द बारा दिवस लिहायला लावणं हा जुलूमच होता.

या चव्वेचाळीस जणांत एक बाई होती, बावीस-तेवीस वर्षांची. तिचा नवरा राजुऱ्याकडे कोळशाच्या ट्रकवर कामाला गेलेला आणि तिकडेच अडकलेला. घर शाळेच्या मागेच, मधे फक्त कोरडा नाला. घरात सासू आणि पोरगी. गेल्या वर्षी कोणाच्या तरी लेकराचे डोळे मिरचीच्या धुरळ्यानं सुजले होते, म्हणून या वर्षी सासूनं पोरीला ठेवून घेतलं. जाताना पोरगी दहा महिन्यांची होती. आता ती चालायला लागली होती, आणि ते हिनं पहिल्यांदा पाहिलं ते शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवरून.

रोज पाचच्या सुमाराला सासू पोरीला घेऊन नाल्याच्या पलीकडच्या काठावर येई. ही भिंतीपाशी उभी राहून हाका मारी. पहिले काही दिवस पोरगी कावळ्याकडे बघे, शेळीकडे बघे, माझ्याकडेही बघे, पण हाक मारणाऱ्या बाईकडे काही बघत नसे. कुठल्याशा लांबच्या बाईच्या हाकेकडे तिनं का लक्ष द्यावं? बाई मग खोलीत जाई. सकाळी मात्र फाटकाशी येऊन विचारी, "भाऊ, आता किती राह्यले जी?"

आकडा मला तोंडपाठ असे. तरी मी रजिस्टर उघडून, पानावरून बोट फिरवून मगच सांगायचो. शासकीय माहिती अशी उठून सांगायची नसते.

दहाव्या दिवशी पोरगी हाकेला वळली. अकराव्या दिवशी हसली. बाराव्या दिवशी संध्याकाळी तिनं आजीच्या कडेवरून दोन्ही हात भिंतीच्या दिशेनं लांब केले आणि पुढे झेप घेतली, तेव्हा म्हातारीचा तोल जाता जाता राहिला. बाई भिंतीला दोन्ही तळवे टेकून रडत होती आणि हसत होती. मला म्हणाली, "पाह्यलं ना भाऊ? वळखलं मले!" मी पाहिलं होतं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि मास्क होता म्हणून बरं झालं असं वाटलं. दोनच दिवस राहिले होते.

त्याच संध्याकाळी आभाळ भरून आलं. वारा सुटला, टपोरे थेंब पडू लागले. पोती भिजतील म्हणून मी फाटकातूनच हुकूम दिला: पोती खोल्यांत घ्या. शेजारचे दोन-तीन घरवाले आधीपासून कुरकुरत होतेच की शाळेची हवा आमच्याकडे येते, म्हणून दुसरा हुकूम दिला: खिडक्या लावून घ्या. आणि उकाड्यानं कोणी तक्रार करू नये म्हणून तिसरा: पंखे जोरात सुरू ठेवा. एका दमात तीन निर्णय. घरी जाताना मी स्वतःवर खूश होतो.

सकाळी फाटकाशी आलो तर शाळा नुसती खोकत होती. बाया, माणसं, म्हातारे, सगळे. कोणी पदर तोंडात कोंबलेला, कोणी डोळे पुसतोय. मी हात वर करायला सांगितलं. चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस हात वर झाले. एवढ्यात वाऱ्याची झुळूक फाटकाकडे आली आणि मलाही ठसका लागला.

आता इथे थांबून मला माझं थोबाड नीट बघू द्या. मी याच मुलखात जन्मलो. दर उन्हाळ्यात आमच्या आवारात तिखट कुटलं जाई तेव्हा आख्खी आळी शिंकायची आणि आई आम्हा भावंडांना पडवीत हाकलायची. तिखटाचा ठसका काय असतो हे मला सांगायला बाहेरून माणूस आणायची गरज नव्हती. तरीही माणूस आला. मुकादम पाठीवर फवारणीचा पंप घेऊन आत गेले, दोन मिनिटांत डोळे चोळत बाहेर आले आणि म्हणाले, "मिरची आहे ना भाऊ. बंद खोलीत रातभर पंखा फिरून राह्यला. पोते बाहेर काढतो, घंट्याभरात सारे ठीक होते."

मी म्हणालो, "भाऊ, प्रपत्रात मिरचीचा रकाना नाही."

हे मी विनोद म्हणून बोललो नव्हतो. त्यात आदल्याच दिवशी व्हीसीत, म्हणजे व्हिडिओवरच्या बैठकीत, आमच्या साहेबांना वरून ऐकून घ्यावं लागलं होतं की तुमच्या केंद्राचा अहवाल रोज निरंक कसा, तुमचे लोक तपासतात की घरी बसून लिहितात. साहेबांनी ते मला ऐकवलं, आणि माझ्या वर्मी लागलं. आता पंधरवड्यात पहिल्यांदा लिहिण्यासारखं काही घडलं होतं. मी खोकत खोकत टेबलाशी बसलो आणि लिहिलं: 'केंद्रातील सर्व चव्वेचाळीस व्यक्तींना तीव्र स्वरूपाचा खोकला असल्याचे प्रत्यक्ष पाहणीअंती निदर्शनास आले आहे. सदर कर्तव्य बजावत असताना पर्यवेक्षकीय कर्मचाऱ्यासही लक्षणे जाणवत आहेत.' मग मोबाइलवर त्याचा फोटो काढून तालुक्याच्या ग्रुपवर टाकला. 'पर्यवेक्षकीय' या शब्दावर मी जरा वेळ प्रेमानं बघत राहिलो, हेही कबूल करतो.

दुपारपर्यंत शाळेपुढे चार गाड्या लागल्या. पांढऱ्या पोशाखातली माणसं उतरली, नमुने घेतले गेले, गल्लीच्या दोन्ही तोंडांना बांबू बांधले गेले. नाल्यापलीकडची घरंही त्या रेषेच्या आत आली. ती रेषाही नकाशावर मीच मारून दिली होती, कारण नकाशा मला चांगला वाचता येतो. तोपर्यंत मुकादमांनी पोती व्हरांड्यात काढून वर ताडपत्री टाकली होती, खिडक्या उघडल्या होत्या, आणि खोकला असा गेला होता की आलेल्या डॉक्टरांना विचारावं लागलं, "खोकला नेमका कोणाला होता?"

मी घरी जाऊन मागच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं. बायकोला दारातूनच सांगितलं की ताट उंबऱ्यावर ठेव, माझं काही बरंवाईट झालं तर विम्याचे कागद पेटीत आहेत. तिनं आधी बाहेर टाकलेला माझा सदरा धुवायला उचलला, नाकाशी नेला आणि तिथूनच म्हणाली, "तिखट कुटून आले का कुठून?" थोड्या वेळानं बाहेर येऊन जेवलो.

दुसऱ्या दिवशी आदेश आला. लक्षणं दिसल्याच्या दिवसापासून पुन्हा चौदा दिवस. पर्यवेक्षकीय कर्मचाऱ्यासाठी त्यात रकाना नव्हता, म्हणून मी सुटलो. बंद रेषेतल्या लोकांनी पाणी भरण्यापुरतंच घराबाहेर पडायचं, काठावर यायचं नाही.

सकाळी बाई फाटकाशी आली. "किती राह्यले जी?"

मी रजिस्टर उघडलं. बोट फिरवलं. "तेरा."

"परवा तं दोन होते ना जी," ती म्हणाली. भांडून नाही. मोजणीत कुठे चुकलं का एवढंच तिला बघायचं होतं. मी पुन्हा रजिस्टरमध्ये बघितलं, जणू तिथे काही वेगळं लिहिलेलं असेल.

आता सरळ मार्ग काय होता? साहेबांच्या खोलीत जायचं आणि सांगायचं, साहेब, ती मिरची होती, मला माहीत होतं, मी तरी लिहिलं. एवढंच वाक्य. मी गेलोही. साहेबांनी मान वर करून विचारलं, "काय?" मी म्हणालो, "पाणीटंचाईची फाइल कुठे दिसते का बघतो." ती माझ्याच काखेत होती.

मग मी माझ्या हातखंड्याकडे वळलो. शुद्धिपत्रक लिहायला घेतलं. पहिल्या मसुद्यात होतं, 'माझ्या चुकीमुळे'. ते वाचून माझीच पाचावर धारण बसली. खुलासा मागतील, सेवापुस्तकात नोंद होईल. दुसऱ्यात झालं, 'अनवधानाने'. तिसऱ्यात, 'खोलीतील वातावरणात तिखट कणांचे प्रमाण वाढल्याने'. चौथ्यात मी कुठेच नव्हतो. मिरची आपणहून पोत्यातून निघाली होती आणि अहवाल आपणहून लिहिला गेला होता. चौथा मसुदा भाषेच्या दृष्टीनं सर्वांत चांगला उतरला होता. या चार मसुद्यांना मला आठ दिवस लागले. नवव्या दिवशी सगळ्यांचे नमुने निर्दोष आले आणि साहेबांनी मला बोलावून विचारलं, "मग तो खोकला होता तरी कशाचा?"

मी चौथा मसुदा पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला. वयानं भाच्याएवढा तो पोरगेला माणूस माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाला, "हे तुम्ही त्या दिवशी तोंडी सांगितलं असतं तर मी एका फोनवर मागे घेतलं असतं." फोन त्यांनी तेव्हाही केला. पलीकडून उत्तर आलं की आता पाचच दिवस राहिलेत, तेवढे जाऊ द्या, आदेश पुन्हा कुठे बदलायचा. त्यांनी मला खुलासा मागितला नाही. मागितला असता तर बरं वाटलं असतं.

या काळात नगरपंचायतीनं बंद घरांना दूध-भाजी घरपोच द्यायला सुरुवात केली होती. नाल्यापलीकडच्या घरांची पाळी मी मागून घेतली. साहेबांना वाटलं माणूस तळमळीचा आहे. मुकादमांना काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही, पण दुधाच्या पिशव्या माझ्या हातात देताना ते माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत असत.

पहिल्या दिवशी माझा मास्क बघून पोरीनं भोकाड पसरलं. दुसऱ्या दिवशी नुसतीच आजीच्या लुगड्यात तोंड खुपसून बघत राहिली. तिसऱ्या दिवशी म्हातारीला नळावरून पाणी आणायचं होतं, कंबर धरलेली, पोरगी उतरायला तयार नाही. ती म्हणाली, "जरा धरा ना जी हिले." असं धरायचं नव्हतं. नियम मीच भोंग्यावरून सांगितले होते. पण म्हातारी हंडा घेऊन निघालीच होती, तेव्हा मी दुधाची पिशवी खाली ठेवून पोरीला घेतलं.

मग ते रोजचंच झालं. म्हातारी दोन खेपा करी आणि पोरगी माझ्या कडेवर. ती माझा मास्क ओढी, तो सुटून परत तोंडावर बसला की खदखदून हसे. माझी मुलं मोठी होऊन नागपूरला गेली त्याला किती वर्षं झाली. एवढं हलकं वजन हातावर घ्यायचं असतं कसं, हेच मी विसरलो होतो. नंतर नंतर मी गल्लीच्या बांबूखालून वाकून आत शिरलो की ती दारातून डुलत डुलत माझ्याकडे येई आणि हात वर करी. मला त्याची ओढ लागली. सकाळी उठल्यावर आधी दुधाची आठवण यायची. ज्या माणसामुळे तिची आई भिंतीआड बसली होती त्याला असं वाटावं याची लाज वाटत होती, आणि तरी मी रोज पाच मिनिटं लवकर निघत होतो.

तिथून मी शाळेच्या फाटकाशी जाई. बाई वाटच बघत असे. मी सांगे, आज वरचा दात दिसला. आज उंबरा ओलांडला. आज वरण-भात खाल्ला. ती पदराचं टोक तोंडाशी धरून ऐके, एकेक गोष्ट दोनदा विचारी. एकदा तिनं विचारलं, "बुढी पानी भरते तवा हे कोनापाशी राह्यते?"

"राहते कोणापाशी तरी," मी म्हणालो आणि रजिस्टर उघडलं.

सत्ताविसावा दिवस उजाडला. बांबू सुटले. सगळ्यांना प्रमाणपत्रं द्यायची होती, ती मी एकाच बसण्यात लिहिली, एकही विशेषण न घालता. माणसं आपापलं पोतं डोक्यावर घेऊन निघाली. बाईचं पोतं मी घेतो म्हणालो. तिनं 'राहू द्या जी' म्हटलं, पण मी उचललंच. नाल्यात उतरेपर्यंत माझं नाक वाहायला लागलं, दोनदा शिंकलो. पुढे चालता चालता ती मागे बघून हसली. त्या सत्तावीस दिवसांत ती बाराव्या दिवसानंतर आत्ता पहिल्यांदा हसली होती.

दारात म्हातारी पोरीला घेऊन उभी होती. बाईनं चार पावलं लांबून मास्क काढला, चपला काढल्या, हात पुढे केले आणि तिच्या नावानं हाक मारली. पोरीनं तिच्याकडे बघितलं. एखाद्या पाहुणीकडे बघतात तसं, नीट, वरपासून खालपर्यंत. मग तिची नजर मागे माझ्याकडे आली. तिचा चेहरा उजळला. आजीच्या कडेवरून दोन्ही हात लांब करून तिनं झेप घेतली, माझ्याकडे.

मी पोतं धरून उभा राहिलो. हात मोकळे नाहीत याचं मला बरं वाटलं. पोरगी थांबेना. माझ्याकडे येऊ दिलं नाही तशी ती रडू लागली, म्हातारी ओशाळून हसू लागली, आणि बाईचे हात अजून तसेच पुढे होते.

"घ्या ना भाऊ," शेवटी बाई म्हणाली. "रडून राह्यली ते."

मी पोतं खाली ठेवलं आणि पोरीला घेतलं. ती लगेच गप्प झाली आणि माझा मास्क ओढू लागली. बाई दोन पावलांवर उभी राहून बघत होती. मुलीचा नवा दात, वाढलेले केस, माझ्या खांद्यावर टाकलेला हात, सगळं एकेक करून बघत होती.

मी म्हणालो, "बाई, थो खोकला मिरचीचाच होता. मले त्याच दिवशी मालूम होतं."

एवढंच वाक्य होतं. त्याला पंधरा दिवस लागले.

"आमालेही मालूम होतं," ती म्हणाली. "आमी सारेच सांगून राह्यलो होतो तुमाले फाटकातून. तुमी लिहून राह्यले होते."

मग ती पुढे आली, पोरीची बोटं माझ्या मास्कवरून एकेक करून सोडवली आणि तिला माझ्याकडून घेतलं. पोरगी किंचाळून रडू लागली, माझ्याकडे हात करून. बाईनं तिला तशीच रडती छातीशी धरलं आणि घरात नेलं. म्हातारीनं पोतं ओढत आत घेतलं आणि दार लोटलं. मी नाला ओलांडून शाळेच्या भिंतीशी आलो तरी पोरीचं रडणं ऐकू येत होतं.